कुलुपाची विद्या आणि निनांवी माणूस

शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक हा संस्कृत नाटकांतला सर्वांत सुशिक्षित चोर होय. चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडण्यापूर्वीं भिंत कोठें भिजून मऊ झाली आहे याची तो परीक्षा करतो, विटांच्या भिंतीला शास्त्रांतली कोणती रीत लागू पडते तें आठवतो, भोंकाची आकृति कशी असावी याची चिकित्सा करतो, आणि मापाची दोरी विसरल्याचें ध्यानांत येतांच गळ्यांतलें यज्ञोपवीतच मापाच्या कामीं लावतो. प्रेक्षक या ठिकाणीं हंसतात, आणि त्यांनीं हंसावें अशीच कवीची इच्छा असली पाहिजे. परंतु या हंसण्याच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे. चोरीला जर शास्त्र आहे, तें जर शिकतां व शिकवितां येतें, तर तें जाणणारा प्रत्येक मनुष्य चोर होतो काय? आणि तें शास्त्र लिहून चव्हाट्यावर ठेवणाऱ्याला काय म्हणावयाचें?

हा प्रश्न आज केवळ संस्कृताच्या तासाला विचारण्याजोगा राहिलेला नाहीं. संगणकाला चालविणारी जी मूळ यंत्रणा असते, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणण्याचा प्रघात आहे, तिचे कांहीं प्रकार हल्लीं मुद्दाम या शास्त्रासाठींच सिद्ध केलेले असतात. 'काली लिनक्स' हें त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध नांव. २००६ सालीं निघालेल्या 'बॅकट्रॅक' नामक यंत्रणेची ही उत्तराधिकारिणी २०१३ च्या मार्चमध्यें प्रसृत झाली. 'डेबियन' या सार्वजनिक यंत्रणेच्या पायावर ती उभारलेली असून तींत शेंकडों हत्यारें आयतीं भरलेलीं असतात. दूरच्या संगणकाचे कोणते दरवाजे उघडे आहेत हें पाहणारें 'एनमॅप', जाळ्यांतून होणारी ये-जा टिपून घेणारें 'वायरशार्क', परवलीचे शब्द ताडून पाहणारें 'जॉन द रिपर', आणि सांपडलेल्या छिद्रांतून आंत शिरण्याची सामग्री एकत्र करून ठेवणारें 'मेटास्प्लॉइट' हीं त्यांपैकीं कांहीं. शर्विलकाला एवढी पेटी मिळाली असती तर त्यानें जानव्याला हात लावला नसता. ही सारी पेटी फुकट मिळते. तिची घडण कशी आहे हें कोणालाहि उघडून पाहतां येतें. आणि मागणाऱ्याला 'तूं कोण, कशासाठीं नेतोस' असें कोणी विचारीत नाहीं.

दुसरी यंत्रणा 'टेल्स' ही. हिचा स्वभाव अगदीं उलट. पहिली दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याची विद्या देते, तर ही स्वतः दिसेनासें होण्याची. २००९ सालीं ती प्रथम निघाली. ती संगणकांत मुळीं वस्तीच करीत नाहीं. बोटाएवढ्या पेनड्राइव्हवरून ती चालते, काम संपून संगणक बंद झाला कीं आपली आठवण पुसून टाकते, आणि चालू असेपर्यंत बाहेरच्या जगाशीं जें बोलावयाचें तें सारें 'टॉर' या जाळ्यांतून बोलते. टॉरची युक्ति कांद्याच्या पापुद्र्यांची आहे. निरोप एकावर एक अशा गुप्तलेखनाच्या आवरणांत गुंडाळून तीन निरनिराळ्या मुक्कामांतून पाठविला जातो. प्रत्येक मुक्काम एकेक पापुद्रा सोलतो, आणि त्याला आपल्या मागला कोण व पुढला कोण एवढेंच कळतें. निघाला कोठून आणि पोंचला कोठें, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं कोणालाहि ठाऊक नसतात. २०१३ सालीं अमेरिकन सरकारच्या पाळतीचे कागद एडवर्ड स्नोडेनने वृत्तपत्रकारांच्या हवालीं केले, तेव्हां त्यांच्यामधल्या संभाषणांत या टेल्सचा उपयोग झाला होता.

पहिल्या यंत्रणेचा प्रश्न तुलनेनें सोपा. तो आधीं उरकून घेऊं. बँका, रुग्णालयें, सरकारी कचेऱ्या आपल्याच संगणकांवर हल्ला करण्यासाठीं माणसें नेमतात, आणि तीं माणसें हींच हत्यारें वापरतात. या परीक्षकाच्या कृत्यांत आणि चोराच्या कृत्यांत बोटांच्या हालचालीपुरताहि फरक नसतो. हेतूकडे पाहावें तर शर्विलकाचा हेतु मदनिकेला दास्यांतून सोडविण्याचा, म्हणजे उदात्तच. आणि परीक्षकाचा हेतु बहुधा महिनाअखेरच्या वेतनाचा. तरी शर्विलक चोर आणि परीक्षक साव. दोघांमध्यें उभा आहे तो मालकाच्या सहीचा एक कागद. नीतिशास्त्राचीं पुस्तकें कृत्याची किंमत हेतूवरून करावी कीं परिणामावरून यावर पानेंच्या पानें खर्च करतात. अनुज्ञा ही गोष्ट त्यांत एखाद्या तळटीपेपुरती येते. येथें मात्र सारा भार तिच्यावरच पडला आहे. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ४३ वें कलमहि मालकाच्या परवानगीवांचून या शब्दांवरच उभें आहे. जर्मनींत २००७ सालीं असलीं हत्यारें तयार करणें व बाळगणें यावरच दंडविधान झालें. पण दुहेरी उपयोगाचीं हत्यारें गुन्ह्याचा उद्देश नसेल तर त्या कलमाखालीं येत नाहींत, असा खुलासा तेथील घटना-न्यायालयाला २००९ सालीं करावा लागला.

यावर नेहमींचें समर्थन असें कीं, हत्यार हें तटस्थ असतें, सुरीनें भाजीहि चिरतात आणि गळाहि. मला हें समर्थन आळशी वाटतें. ज्या वस्तूची घडणच मुळीं दुसऱ्याच्या दारासाठीं झाली तिला स्वयंपाकघरांतल्या सुरीच्या रांगेंत बसविणें म्हणजे उपमेनें युक्तिवादाची जागा बळकावणें होय. खरें समर्थन निराळें आहे, आणि तें संगणकाहून पुष्कळ जुनें आहे.

लंडनमध्यें पिकॅडिलीवरील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एक कुलूप टांगलेलें असे. जो तें किल्लीवांचून उघडील त्याला २०० गिनींचें बक्षीस. साठ वर्षें तें कोणाला उघडलें नाहीं. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाचा अमेरिकन कारागीर तेथें आला. त्यानें आधीं चब यांचें प्रख्यात कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडलें, आणि मग सोळा दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खपून ब्रामाचेंहि उघडलें. इंग्लंडांत केवढी खळबळ उडाली! हें ज्ञान लोकांत पसरूं देणें चोरांना उत्तेजन देण्यासारखें आहे, असा ओरडा झाला. हॉब्सचें म्हणणें असें कीं, चोर आपल्या धंद्यांत आपल्यापेक्षां कितीतरी पुढें आहेत. कुलूप कच्चें आहे ही गोष्ट ज्याला ठाऊक नसते तो बिचारा घरमालकच. पुढें १८८३ सालीं ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमधील भाषापंडितानें सैन्याच्या गुप्तलेखनाविषयीं हेंच सूत्र मांडलें: पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल अशीच ती असावी, गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. भाषेच्या अध्यापकानें युद्धशास्त्राला दिलेली ही देणगी आम्हां अध्यापकवर्गाला थोडी सुखावणारी आहे, हें जातां जातां सांगितल्यास वाचक क्षमा करतील.

पण हॉब्सच्या युक्तिवादांत एक भेग राहिली आहे. कुलुपाचें वैगुण्य चव्हाट्यावर आलें कीं तें चोराला आणि सावाला एकाच दिवशीं कळतें. उपाय मात्र दोघांच्या दारीं एकाच दिवशीं पोंचत नाहीं. सधनाचें कुलूप दुसऱ्या दिवशीं बदलतें, गरिबाचें तसेंच राहतें. २०१७ सालीं याचें विदारक उदाहरण घडलें. विंडोज यंत्रणेतील एक छिद्र अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला ठाऊक होतें, आणि त्यांतून शिरण्याचें हत्यार तिनें स्वतःच्या उपयोगासाठीं गुप्त ठेवलें होतें. मार्चमध्यें मायक्रोसॉफ्टनें तें छिद्र बुजविणारी दुरुस्ती काढली. एप्रिलमध्यें तें हत्यार फुटून जगजाहीर झालें. आणि १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाची खंडणीखोर साथ दीडशें देशांत पसरली. इंग्लंडच्या सार्वजनिक रुग्णालयांत सुमारें १९ हजार रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व उपचार रद्द करावे लागले. ज्यांनीं दुरुस्ती बसविली नव्हती तीं रुग्णालयें काय, आळशी होतीं? कांहीं असतील. बरींच जुनीं यंत्रें आणि अपुरा पैसा यांच्या कात्रींत सांपडलेलीं होतीं. एवढें मात्र यांतून दिसतें कीं, छिद्र गुप्त ठेवणाऱ्यानें वर्षानुवर्षें ज्यांचें तोंड बंद ठेवलें होतें त्यांनाच शेवटीं त्याचें बिल भरावें लागलें. म्हणून भेग मान्य करूनहि माझें मत हॉब्सच्या बाजूलाच पडतें. फक्त दोष सांगणाऱ्यानें आधीं घडविणाऱ्याला सांगावें, दुरुस्तीला अवधि द्यावा, आणि मग जगाला सांगावें, ही जी रूढि परीक्षकांत पडली आहे ती शिष्टाचाराची बाब नसून कर्तव्याची बाब आहे असें मी समजतों.

आतां दुसरी यंत्रणा, आणि येथें पाय जड होतात.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागांत ग्लॉकॉन एका लिडियन मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला एक आंगठी सांपडते. तिचें कोंदण आंत वळवलें कीं तो अदृश्य होतो. पाहतां पाहतां तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉनचें म्हणणें असें कीं, अशा दोन आंगठ्या करून एक सज्जनाला व एक दुर्जनाला द्या. दोघेहि एकाच वाटेनें जातील, कारण माणूस न्यायानें वागतो तो पकडले जाण्याच्या भीतीनें. टेल्स आणि टॉर या आंगठ्या होत, असें म्हणण्याचा मोह सहज होतो, आणि पुष्कळांना झालाहि आहे.

परंतु ही उपमा एका मर्माच्या जागीं तुटते. मेंढपाळाची आंगठी एकट्याच्या बोटांत चालते. टॉर एकट्याला चालत नाहीं. हें जाळें मुळांत अमेरिकन आरमाराच्या संशोधन-प्रयोगशाळेंत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कल्पिलें गेलें. उद्देश सरकारी दळणवळण झांकण्याचा. पण त्यांतून फक्त आरमाराचीच माणसें ये-जा करूं लागलीं, तर बाहेर पडणारा प्रत्येक निरोप आरमाराचा हें कोणीहि ओळखील. आषाढीच्या वाळवंटांत माणूस हरवतो, ओसाड माळावर हरवत नाहीं. म्हणून २००२ नंतर तें जाळें सर्वांना खुलें झालें, आणि त्याची घडणहि. २०१३ च्या डिसेंबरांत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें परीक्षा टाळण्यासाठीं इमारतींत बॉम्ब ठेवल्याची खोटी पत्रें टॉरमधून पाठविलीं. तो काय टॉर फोडून सांपडला? छे! त्या सुमारास विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉरकडे कोण कोण गेलें होतें एवढेंच पोलिसांनीं पाहिलें. तीं माणसें थोडीं होतीं. (परीक्षा टाळण्याच्या कल्पकतेंत विद्यार्थी कोणत्याहि विद्यापीठांत मागें नसतात, मात्र या विद्यार्थ्याचा प्रयत्न क्षम्य कोटींतला नव्हता.)

यांतून निघणारा सिद्धान्त नीतिदृष्ट्या फार अवघड आहे. लपण्याची सोय योग्य माणसांपुरतीच द्यावी, असें ठरविलें तर ती सोयच उरत नाहीं. वार्ताहर, छळाला भिऊन पळालेली स्त्री, राजसत्तेच्या विरुद्ध साक्ष देणारा, आपल्या रोगाविषयीं गुपचूप वाचूं पाहणारा रोगी, यांना झांकावयाचें तर त्यांच्या भोंवतीं गर्दी पाहिजे. आणि गर्दीला दारावर पारखून घेतां येत नाहीं. सज्जनाचें आवरण ज्या सुताचें विणलें जातें त्यांत कांहीं धागे दुर्जनाचेहि असतात.

ते धागे कसे असतात, हें पाहिल्यावांचून या आवरणाची तरफदारी करण्याचा अधिकार कोणालाहि पोंचत नाहीं. कॅलिफोर्नियांतला एक इसम वर्षानुवर्षें फेसबुकवर अल्पवयीन मुलींना गांठीत असे, त्यांना धाकदपटशानें स्वतःचीं नग्न छायाचित्रें पाठवावयास लावीत असे, आणि न पाठविल्यास शाळेंत कत्तल करण्याच्या, बॉम्ब उडविण्याच्या धमक्या देत असे. तो टेल्समागें लपला होता. त्याला धुंडाळून थकल्यावर फेसबुक कंपनीनें पैसे मोजून एका बाहेरच्या मंडळीकडून टेल्समधल्या चित्रपट दाखविणाऱ्या भागांतलें एक छिद्र साधणारें हत्यार करविलें. तें मध्यस्थामार्फत एफबीआयच्या हातीं गेलें. न्यायालयाची परवानगी घेऊन आणि एका पीडित मुलीच्या साहाय्यानें एक चित्रफीत त्याला पाठविण्यांत आली, आणि ती उघडतांच त्याचा ठावठिकाणा कळला. हें २०१७ सालचें. २०२१ सालीं त्याला ७५ वर्षांची कैद झाली.

त्याला पकडलें हें योग्य झालें, याविषयीं माझ्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. हुकूम न्यायाधीशाचा होता, लक्ष्य एक होतें, आणि सापळा त्याच्याच दारांत लावला होता. पण या कथेला शेपूट आहे. टेल्स घडविणाऱ्यांना या छिद्राची वार्ता कोणी दिली नाहीं. ती त्यांना २०२० सालीं वर्तमानपत्रांतून कळली. कंपनीचें म्हणणें, पुढच्या आवृत्तींत तो भाग असाहि निघून जाणार होता. असेल. तरी मधल्या काळांत तेंच छिद्र, तेंच हत्यार, दुसऱ्या कोणत्या देशांत दुसऱ्या कोणत्या वार्ताहराच्या दारीं गेलें नसेल याची हमी कोण देणार? एका दुष्टासाठीं फोडलेली भिंत ज्याची होती त्याला निदान मागाहून तरी 'तुझ्या भिंतीला भोंक आहे' असें सांगावयास हवें होतें. तें न सांगणें हें त्या साऱ्या न्याय्य कृत्यांतलें अन्याय्य अंग होय.

मात्र हें लिहितांना त्या मुली डोळ्यांपुढून हलत नाहींत. बेंथामच्या त्रैराशिकानें हिशेब मांडून कोणी म्हणेल कीं, इतक्या वार्ताहरांचें रक्षण वजा इतक्या मुलींचा छळ बरोबर बाकी शिल्लक. बाकी शिल्लक निघत असेलहि. परंतु लाभ घेणारा एक आणि किंमत देणारा दुसरा, तीहि न विचारतां, अशा ठिकाणीं बेरीज-वजाबाकीनें मन शांत होत नाहीं, आणि होऊंहि नये.

आपल्याकडील परंपरेला हा पेंच अपरिचित नाहीं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत देश, काल आणि पात्र पाहून दिलेलें दान सात्त्विक ठरविलें आहे. निरुक्तांत विद्या स्वतः ब्राह्मणाकडे येऊन विनविते कीं मला जप, मत्सरी, कुटिल आणि असंयमी माणसाच्या हातीं देऊं नकोस. याच्या नेमकें उलट तत्त्व या मुक्त यंत्रणांच्या पायाशीं आहे. १९९७ सालीं डेबियनच्या मंडळीनें जे नियम ठरविले त्यांत, कोणत्याहि व्यक्तीविरुद्ध अथवा कोणत्याहि कार्यक्षेत्राविरुद्ध भेदभाव करणारी अट घालतां येणार नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे; आणि काली काय, टेल्स काय, दोन्ही डेबियनच्याच कुळांतल्या. दात्यानें पात्र पाहावयाचेंच नाहीं, असा हा दानधर्म. आपल्या शास्त्रकारांनीं तो तामस म्हटला असता.

परंतु पात्र पाहणाऱ्यांचा इतिहास तरी काय सांगतो? द्रोणानें कर्णाला ब्रह्मास्त्र नाकारलें तें त्याचा स्वभाव तपासून नव्हे. ब्राह्मण वा क्षत्रिय याखेरीज तें अस्त्र कोणी जाणूं नये, या नियमावर बोट ठेवून. मग तो परशुरामाकडे भार्गव ब्राह्मण म्हणून गेला. नांव बदलून विद्या मिळविणारा हा आपल्या वाङ्मयांतला सर्वांत थोर माणूस; खऱ्या नांवानें दार उघडलें असतें तर त्याला खोटें नांव घेण्याची पाळीच आली नसती. उलट अश्वत्थामा सर्व कसोट्यांना उतरलेला, गुरूचा पुत्र, आणि त्यानें तें महास्त्र सोडलें तें पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. पात्रतेची परीक्षा झाली होती. ती चुकीच्या गोष्टीची झाली होती. आणि ज्या समाजांत शतकानुशतकें विद्येच्या दारावर हाच पहारा होता, त्या समाजांतल्या माणसानें 'मागणाऱ्याला विचारूं नका' या नियमाकडे केवळ नाक मुरडून पाहावें हें मला बरें वाटत नाहीं.

परवाना देण्याचें काम सरकारकडे सोंपवावें, असें कोणी सुचवितात. पण ज्याला सरकारपासूनच लपावयाचें आहे तो सरकारकडे अर्ज कसा करील? गोपाळ हरि देशमुखांनीं १८४८ पासून 'प्रभाकरां'त शतपत्रें लिहिलीं तीं 'लोकहितवादी' या नांवाखालीं. ते स्वतः सरकारी नोकर होते. तेथें निदान मध्यें एक संपादक असे. लेखकाला नांव नसलें तरी वाचकाला जाब विचारण्यास एक माणूस सांपडे. टॉरमध्यें तो संपादक नाहीं, हीच त्याची उणीव, असें मी आजवर अनेकांकडून ऐकलें आहे.

तें सर्वस्वीं खरें नाहीं. निरोप ज्या मुक्कामांतून जातो ते मुक्काम आकाशांत नसतात. जगभरच्या स्वयंसेवकांनीं आपापल्या खर्चानें ते चालविलेले असतात, आणि त्यांच्या पत्त्यांची यादी उघडी असते, कारण तिच्यावांचून जाळें चालणारच नाहीं. शेवटच्या मुक्कामाची गोष्ट तर फारच बिकट. तेथून बाहेर पडणारा प्रत्येक निरोप, मग तो वार्ताहराचा असो कीं त्या कॅलिफोर्नियांतल्या इसमासारख्याचा, जगाला त्या मुक्कामवाल्याच्याच दारांतून आलेला दिसतो. ऑस्ट्रियांत अशा एका तरुणाच्या घराची २०१२ सालीं झडती झाली. दुसऱ्या कोणी त्याच्या मुक्कामांतून बालकांचीं बीभत्स चित्रें धाडलीं होतीं. आणि २०१४ सालीं ग्राट्स येथील न्यायालयानें त्यालाच साहाय्यक म्हणून दोषी ठरवून, शिक्षा तहकूब ठेवून, सोडलें. कोणाचा निरोप आपण वाहतों हें त्याला ठाऊक नव्हतें, ठाऊक होऊं नये अशीच त्या जाळ्याची रचना. तरी असें कांहीं जाऊं शकेल, हें मात्र त्याला ठाऊक असणारच. न्यायालयाचा निर्णय मला पटत नाहीं, कारण टपालखात्याला तोच न्याय लावण्यास कोणी धजणार नाहीं. पण इतरांना निनांवी राहतां यावें म्हणून स्वतःचा पत्ता उघड्या यादींत लिहूं देणारा हा मनुष्य संपादकाच्याच जातीचा आहे. फरक इतकाच कीं संपादक मजकूर वाचून छापतो, आणि यानें न वाचतांच जबाबदारी पत्करलेली असते.